आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गिटार वाजवली, आता स्वतःच्या नावाने ब्लूज. जमेल का?

कोरा_कागद (धागाकर्ता)

माझा एक मित्र स्टुडिओत गिटार वाजवतो. उभं आयुष्य त्यातच गेलं. गाणं कुणाचंही असो, हा जातो, समोरच्या कागदावर नजर टाकतो आणि पहिल्या-दुसऱ्या टेकला वाजवून मोकळा होतो. त्याची गिटार आपण सगळ्यांनी ऐकलेली असणार, नाव मात्र कुणालाच माहीत नसणार. आता साठी जवळ आल्यावर त्याने ठरवलंय की यापुढे फक्त ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ते जुनं संगीत, आणि तोही स्वतःच्या नावाने.

परवा त्याने चार गाणी ऐकवली. सूर चोख, लय चोख, गिटारचा आवाज तर काय विचारता. आणि तिसऱ्या गाण्याला मी हळूच फोन काढला.

माझं मत असं बनलंय की सेशनवाल्याला, म्हणजे स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यावर वाजवणाऱ्याला, ब्लूज जमणं अवघड. "आपण मध्ये यायचं नाही" हेच तो जन्मभर शिकलेला असतो. ब्लूजमध्ये तर मध्ये यावंच लागतं. मत पटत नसेल तर उदाहरणं द्या. आणि पटत असेल तर त्याला काय सांगू तेवढं सांगा. तो गातो, पण जेमतेम.

उगाच_एक

आधी बायको सोडून जाऊ दे, मग कुत्रं मरू दे. दुसऱ्या दिवशी ब्लूज तयार.

तिरकस

वरच्या प्रतिसादात ट्रेन चुकायची राहिली. :D

निळी_शाई

हा विनोद ब्लूजच्या प्रत्येक चर्चेत पहिल्या पाच मिनिटांत येतो, आज पहिल्याच प्रतिसादात आला. ब्लूज म्हणजे रडगाणं, हे कुठून आलं कोण जाणे. मिसिसिपीतल्या ज्यूक जॉइंटमध्ये शनिवारी रात्री लोक नाचायला यायचे, दारू प्यायचे, जुगार खेळायचे. गवय्याने रडत बसलं असतं तर त्याला बाहेर काढलं असतं. टी-बोन वॉकर हा ब्लूजवाला गिटार मानेमागे धरून वाजवायचा, वाजवता वाजवता पाय फाकवून खाली बसायचा. हा धंदा होता आणि तो करणारे व्यावसायिक होते. तेव्हा "व्यावसायिक वादक" आणि "खरा ब्लूजवाला" अशी जी भिंत धागाकर्त्याने उभी केली आहे, ती मुळात नव्हतीच.

सहावी_तार

निळी_शाई, सहमत. उदाहरण हवं असेल तर बडी गाय. तो १९५७ मध्ये लुइझियानाहून शिकागोला आला, आणि साठच्या दशकात चेस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तो सेशनचाच गिटारवाला होता. ब्लूज गायक मडी वॉटर्सची 'फोक सिंगर' ही १९६४ ची रेकॉर्ड काढून ऐका. मडीच्या आवाजामागे जी दुसरी अकूस्टिक गिटार आहे ती त्याची. इतकी आज्ञाधारक, इतकी बेताची, की पुढे स्टेजवर लांबलचक वायर ओढत प्रेक्षकांत घुसणारा माणूस हाच, यावर विश्वास बसत नाही. कोको टेलर, हाउलिन वुल्फ या गायकांच्या मागेही तो वाजवायचा. स्टेजवर मात्र फीडबॅक, आरडाओरडा, सगळं. ते रेकॉर्ड करायला कंपनीचा मालक लेनर्ड चेस तयार नव्हता, त्याला तो गोंगाट वाटायचा.

मोठं यश कधी आलं? १९९१ मध्ये, 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज' या अल्बमने. तेव्हा तो पंचावन्नच्या घरात होता. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. तुमच्या मित्राचं वय आड येत नाही.

अण्णा_बेसवाले

सहावी_तार, उदाहरण सुंदर, पण या धाग्यावर लागू पडत नाही. बडी गाय हा दिवसा साथीला बसणारा नायकच होता. त्याच्याकडे आवाज होता, रात्री क्लबमध्ये स्वतःच्या नावावर उभा राहायचा. त्याला फक्त कंपनीने अडवलं होतं. धागाकर्त्याच्या मित्राला कुणी अडवलेलं नाही. तो स्वतःच इतकी वर्षं मागे बसला.

खरं उदाहरण रॉबर्ट लॉकवूड ज्युनियर. जन्म १९१५. याला गिटार शिकवली खुद्द रॉबर्ट जॉन्सन या ब्लूजमधल्या दंतकथेने, कारण जॉन्सन त्याच्या आईबरोबर राहायचा. म्हणजे ब्लूजच्या जगात यापेक्षा मोठं घराणं सांगता येणार नाही. आणि या माणसाने काय केलं? पुढची कित्येक वर्षं साथ केली. १९४१ पासून हेलेना, आर्कन्सॉच्या रेडिओवर सनी बॉय विल्यमसनबरोबर, नंतर शिकागोत लिटल वॉल्टर, सनीलँड स्लिम आणि इतर कितीतरी जणांच्या मागे. स्वतःच्या नावाची पहिली एलपी निघाली १९७० मध्ये. त्यानंतर थेट २००६ पर्यंत, ९१ व्या वर्षी जाईपर्यंत, वाजवत राहिला. त्याचं वाजवणं ऐका : जॅझसारखे भरगच्च कॉर्ड, कुठेही घाई नाही. इतक्या जणांना साथ केल्याशिवाय तसं वाजवता येत नाही.

वाचनमात्र

वाचतेय. गिटारमधलं काही कळत नाही, पण लॉकवूडचं ऐकलं आत्ता. छान आहे की.

खर्जप्रेमी

धागाकर्त्यांच्या बाजूने एकटाच उभा राहतो. लॅरी कार्ल्टन घ्या. सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमधला पहिल्या फळीतला माणूस. स्टीली डॅन या बँडच्या 'किड शार्लमेन' मधला १९७६ चा सोलो आजही लोक घोटून बसवतात. गिब्सन ईएस-३३५ ही गिटार म्हटलं की हाच आठवतो. २००४ मध्ये त्याने 'सफायर ब्लू' नावाचा ब्लूज अल्बम केला, ब्रासबिस घेऊन. वाजवण्यात नाव ठेवायला जागा नाही. पण मला तो ऐकताना सतत वाटतं की हा माणूस ब्लूज उत्तम *जाणतो*. जाणणं वेगळं आणि करणं वेगळं. 'किड शार्लमेन'मध्ये तो जितका मोकळा आहे तितका स्वतःच्या ब्लूजमध्ये नाही. गंमत आहे ना? दुसऱ्याच्या गाण्यात मोकळा, स्वतःच्या गाण्यात जपून.

सहावी_तार

कार्ल्टनवर अन्याय होतोय. १९८८ मध्ये त्याच्या स्टुडिओबाहेर त्याला कुणीतरी गोळी घातली, मानेत. डाव्या हाताच्या नसा दुखावल्या. त्यातून तो पुन्हा वाजवायला शिकला. आणि तुम्ही म्हणताय जपून वाजवतो!

खर्जप्रेमी

माणसाबद्दल आदर आहेच. अल्बमबद्दल मत बदलत नाही. गोळी लागली म्हणून ब्लूज आपोआप चांगला होत नाही, नाहीतर वरचा कुत्रं मरण्याचा फॉर्म्युला खरा मानावा लागेल.

उगाच_एक

माझा फॉर्म्युला कामी आला. धन्य झालो.

तंबोरा_टू_टेलीकास्टर

रॉबेन फोर्डचं नाव अजून कसं आलं नाही? जोनी मिचेल, जॉर्ज हॅरिसन, १९८६ मध्ये माइल्स डेव्हिस, एवढ्यांच्या मागे वाजवून १९८८ मध्ये 'टॉक टू युअर डॉटर' काढला. तो ब्लूजच होता आणि चांगला चालला. फरक इतकाच की फोर्डची सुरुवात ब्लूजपासून झाली होती, तरुणपणी तो जिमी विदरस्पूनसारख्या गायकाबरोबर होता. म्हणजे तो ब्लूजकडे *परत* आला. कोरा_कागद, तुमच्या मित्राचं मूळ कुठलं? लहानपणी काय ऐकून गिटार धरली?

अवांतर : फोर्डचा तो टोन डम्बल ॲम्प्लिफायरचा आहे. डम्बल थोडेच बनले आणि त्यांची किंमत ऐकून घर विकायचा विचार मनात येतो.

तिरकस

घर गेलं, बायको गेली, कुत्रं गेलं. डम्बल घ्या, ब्लूज फुकट.

अण्णा_बेसवाले

:D :D हा मात्र जमला.

कोरा_कागद (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. तंबोरा_टू_टेलीकास्टर, तो सुरुवातीला काय ऐकायचा ते विचारलं. म्हणाला, "जे मिळेल ते." हे त्याच्या पूर्ण कारकिर्दीचं वर्णन आहे.

एक माहिती द्यायची राहिली. ही चारही गाणी त्याने घरीच रेकॉर्ड केली आहेत, एकट्याने. ड्रम संगणकावर, बेस स्वतः, दोन-तीन गिटार स्वतः, आवाज स्वतः. आवाज सगळ्यात शेवटी, "उरकून टाकला" असं तोच म्हणाला.

अण्णा_बेसवाले

अहो, हे आधी सांगायचं! गोम इथेच आहे.

ब्लूजचा शफल, म्हणजे तो झुलत चालणारा ठेका, हा क्लिकवर (कानात टिकटिकणाऱ्या तालयंत्रावर) मोजून समान वाटलेल्या तीन तुकड्यांचा खेळ नाही. दुसरा आणि चौथा ठोका किती मागे बसायचा हे ड्रमवाला आणि बेसवाला एकमेकांकडे बघून ठरवतात, आणि प्रत्येक जोडीचं ते वेगळं असतं. तबलजीने ठेका कसा धरलाय यावर गाणाऱ्याची बंदिश कशी चालते हे आपल्याला नवीन नाही. संगणकाच्या ड्रमवर तीन गिटार एकट्याने चढवल्या की सगळे एकाच माणसाच्या घड्याळावर चालतात. कुणी कुणाला ओढत नाही, कुणी मागे राहत नाही. कंटाळा येणारच.

निळी_शाई

+१. आणि सुराचंही तेच. "सूर चोख" असं तुम्ही लिहिलंत, मला तिथेच शंका आली होती. ब्लूजमधला गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, दोन्हींच्या मधे कुठेतरी लोंबकळत असतो. खाली कॉर्ड मेजर, वर गाणारा कोमलच्या जरा वर. स्टुडिओवाल्याची बोटं काय करतात? तार ओढली की बरोबर पुढच्या स्वरावर नेऊन ठेवतात, कारण जन्मभर तसंच करण्याचे पैसे मिळाले. तिथे अर्धवट ओढलेली तार म्हणजे दुसरा टेक. बी. बी. किंग किंवा अल्बर्ट किंग ऐका, तार पोचेपर्यंतच्या वाटेवरच सगळी मजा आहे.

खर्जप्रेमी

म्हणजे धागाकर्त्यांचं म्हणणंच सिद्ध झालं की. सेशनची सवय ब्लूजला मारक.

निळी_शाई

सवय मारक, कसब नव्हे. ज्याला स्वर अचूक लावता येतो त्याला तो मुद्दाम कमी लावणं एका महिन्यात येईल. उलट दिशेने आयुष्य जातं.

हिशोबी

सगळे कलेबद्दल बोलताय, मी जरा पैशांबद्दल बोलतो. पन्नाशी-साठीत स्वतःच्या नावाने अल्बम काढणं ही नुसती हौस नसते. अमेरिकेतली व्यवस्था बघा. तिथे साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर वादक-गायकांना काहीही मिळत नाही, फक्त गीतकार-संगीतकारांना मिळतं. सॅटेलाइट आणि इंटरनेट रेडिओचे पैसे साउंडएक्सचेंज नावाची संस्था वाटते. ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ टक्के ज्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे त्याला, आणि उरलेले ५ टक्के सगळ्या साथीच्या वादक-गायकांच्या निधीत. तोच माणूस, तीच गिटार, फक्त नाव मुखपृष्ठावर असलं की पाचातल्या वाट्यावरून तो पंचेचाळीसवर जातो. रेकॉर्ड स्वतःच काढली तर ते ५० ही त्याचेच.

उगाच_एक

शून्याचे पंचेचाळीस टक्के किती होतात?

हिशोबी

शून्याच्या पाच टक्क्यांइतकेच. पण गाणं चाललंच तर फरक कळेल.

अण्णा_बेसवाले

हिशोबींनी विषय काढलाच आहे तर जोडी विल्यम्सची गोष्ट सांगतो, कारण या धाग्यावर ती नसेल तर धागा अपुरा.

हा १९३५ चा जन्म, शिकागोत वाढलेला, बो डिडली या गायक-गिटारवाल्याचा पोरवयातला दोस्त. पन्नासच्या दशकात चेसच्या स्टुडिओत याला मोठी मागणी. हाउलिन वुल्फच्या बँडमध्ये होता. बो डिडलीच्या १९५६ च्या 'हू डू यू लव्ह' मधली ती चावरी गिटार याची. त्याच वर्षी याने बिली स्ट्युअर्टच्या एका रेकॉर्डवर एक तुकडा वाजवला. थोड्याच दिवसांत तशाच तुकड्यावर बांधलेलं 'लव्ह इज स्ट्रेंज' हे मिकी आणि सिल्व्हियाचं गाणं देशभर गाजलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि विल्यम्सला काही मिळालं नाही. वैतागून त्याने साठच्या दशकात संगीत सोडलं, इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि झेरॉक्स कंपनीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर पुन्हा गिटार काढली. २००२ मध्ये अल्बम आला, नाव 'रिटर्न ऑफ अ लेजंड'. वय सहासष्ट-सदुसष्ट. आणि तो अल्बम म्हाताऱ्याची हौस म्हणून सोडून देण्यासारखा अजिबात नाही, नीट कमावलेला आहे. मधल्या तीसेक वर्षांत स्टुडिओची सवय गळून पडली आणि वाजवण्यातलं त्याचं स्वतःचं तेवढं उरलं, असं मला तरी वाटतं.

वाचनमात्र

बापरे. यांच्यावर वेगळा धागा काढा ना अण्णा.

तिरकस

म्हणजे कोरा_कागद यांच्या मित्राने आधी तीस वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवावं.

तंबोरा_टू_टेलीकास्टर

तिरकस, तुम्ही आज फॉर्मात आहात.

मी मूळ प्रश्नावर येतो. आवाज "उरकून टाकला" हे वाक्य मला खटकलं, आणि या गृहस्थांचा सगळा प्रश्न मला त्या एका वाक्यात दिसतो. बाकी शफल आणि गंधार वगैरे दुरुस्त करता येईल.

ह्यूबर्ट सम्लिन आठवा. हाउलिन वुल्फचा गिटारवाला, पन्नासच्या मध्यापासून १९७६ मध्ये वुल्फ जाईपर्यंत. तो स्वतः सांगायचा ती गोष्ट अशी : सुरुवातीला तो वुल्फच्या गाण्यावर आगाऊपणे वाजवायचा. वुल्फने त्याला घरी पाठवला आणि सांगितलं, पिक (तार छेडायची पट्टी) सोड. तो नुसत्या बोटांनी वाजवायला लागला, आणि त्यातून त्याचा तो तुटक, अचानक उसळणारा आवाज तयार झाला, ज्यासाठी पुढे सगळ्या जगातले रॉकवाले त्याच्या पायाशी बसले. म्हणजे त्याची शैली गायकाला जागा देता देता घडली. साथ करणं हा तिथे अडथळा नव्हता, शैली निघालीच साथीतून.

आता तुमचा मित्र. तो पक्का साथीदार आहे. त्याच्या हाताला गायक लागतो. इतर गाण्यांत गायक असतो, म्हणून तो तिथे उत्तम वाजवतो. (खर्जप्रेमींनी कार्ल्टनबद्दल जे लिहिलंय ते मला इथे पटतं.) स्वतःच्या गाण्यात त्याने गायकच ठेवलेला नाही. तीन गिटार आधी भरल्या आणि शेवटी उरलेल्या जागेत आवाज कोंबला. हे म्हणजे वरातीची सगळी तयारी झाल्यावर नवरदेव शोधण्यासारखं आहे. क्रम उलटा करा. आधी गा, जसा येतो तसा, कच्चा, एक गिटार हातात घेऊन. मग त्या आवाजाला साथ करा, जशी परक्याला केली असती तशी. त्याला हे जगात सगळ्यात चांगलं येतं.

सहावी_तार

तंबोरा_टू_टेलीकास्टर, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. भर घालतो. बी. बी. किंग गाताना गिटार वाजवायचाच नाही. ओळ गायचा, थांबायचा, मग गिटार उत्तर द्यायची. आपल्याला एकाच वेळी दोन्ही जमत नाही आणि कॉर्डही फारसे वाजवता येत नाहीत, असं तो स्वतः सांगायचा. ब्लूजच्या बारा बारमध्ये (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा) तीन ओळी येतात, पहिली, तीच पुन्हा, मग तिसरी वेगळी. प्रत्येक ओळ चार बारची, पण गाणं पहिल्या दोन-अडीच बारमध्येच संपतं. उरलेली जागा उत्तरासाठीच असते. मित्राच्या गाण्यांत त्या जागी काय आहे?

कोरा_कागद (धागाकर्ता)

पुन्हा ऐकून सांगतो. त्या जागी एक गिटार उत्तर देते, पण गाणं चालू असताना खाली दुसरी गिटारही काहीतरी बोलतच असते. शिवाय एक ऑर्गन आहे.

अण्णा_बेसवाले

ऑर्गन??

खर्जप्रेमी

तंबोरा_टू_टेलीकास्टर, तुमचं विश्लेषण सुरेख आहे, पण ज्याला गाताच येत नाही त्याने काय करायचं? सम्लिनही गायला लाजायचा. त्याचा २००० नंतरचा 'अबाउट देम शूज' बघा, बहुतेक गाणी पाहुण्यांनी गायली आहेत, कीथ रिचर्ड्स, एरिक क्लॅप्टन वगैरे मंडळी होती त्यात. सगळ्यांना असे पाहुणे मिळत नाहीत.

आणि न गाता ब्लूज होतच नाही असंही नाही. अर्ल हूकर. तो फारसा गायचा नाही, बोलताना अडखळायचा. त्याची स्लाइड गिटारच (तारांवर नळी घसरवून वाजवलेली) गायची. १९६१ मध्ये त्याने वाजवलेल्या एका नुसत्या वाद्यरचनेवर चेसने १९६२ मध्ये मडी वॉटर्सचा आवाज वरून चढवला, आणि त्याचं 'यू शूक मी' झालं. म्हणजे गिटार आधी, आवाज नंतर! तुमच्या सिद्धान्ताच्या बरोब्बर उलट.

तंबोरा_टू_टेलीकास्टर

मस्त पकडलंत. पण 'यू शूक मी' नीट ऐका. मडी तीच गिटारची धून गातोय, स्लाइडच्या सावलीसारखा. म्हणजे हूकरची गिटार तिथे गायकच होती आणि मडीने तिच्यामागून गायलं. जागा कुणाची हे ठरलेलं होतं. कोरा_कागद यांच्या मित्राच्या गाण्यात जागा कुणाचीच नाही, सगळे नम्रपणे एकमेकांना "आपण आधी" म्हणतायत.

खर्जप्रेमी

हे मान्य. मग त्याने वाद्यरचनाच कराव्यात. फ्रेडी किंगची 'हाइड अवे' १९६१ मध्ये पॉपच्या यादीत एकोणतिसावी होती, शब्दाविना. गाण्याचा अट्टहास कशाला?

निळी_शाई

फ्रेडी किंग गायचाही जबरदस्त, हे सांगायचं राहिलं तुमचं. :)

खर्जप्रेमी

सोयीस्कर राहिलं.

हिशोबी

मधेच एक विचारतो. प्रेक्षक कोण असणार याचा विचार कुणी केलाय का? त्याने ज्यांच्यासाठी वाजवलं त्या गायकांचे चाहते याला ऐकायला येणार नाहीत. त्यांना तो माहीतच नाही. "अमक्यातमक्या गाण्यातली गिटार याची" हे पोस्टरवर छापावं की नाही?

अण्णा_बेसवाले

छापावं, पण लहान. मॅट मर्फी या गिटारवाल्याने साठीत पहिला स्वतःचा अल्बम काढला, १९९० मध्ये. तोवर मेम्फिस स्लिम, जेम्स कॉटन, शिवाय 'द ब्लूज ब्रदर्स' हा चित्रपट, म्हणून लोक ओळखत होते. लोक यायचे ते त्या ओळखीने, थांबायचे ते वाजवण्याने. स्टीव्ह क्रॉपर या गिटारवाल्याचं तर याहून सोपं, 'सोल मॅन' या गाण्यातच गायक त्याचं नाव घेऊन ओरडतो, त्याला पोस्टरची गरज काय! पण असं नशीब किती साथीदारांचं?

धोका एकच. जुनी गाणी वाजवा अशी फर्माईश येईल. त्याला नको म्हणायची तयारी हवी.

उगाच_एक

आणि ऑर्गन काढायची तयारी.

कोरा_कागद (धागाकर्ता)

आठवडाभर इकडे फिरकलो नाही, क्षमस्व. धागा त्याला वाचायला दिला होता. जे म्हणाला ते जसंच्या तसं देतो.

एक, तुम्ही सगळे फुकटचे शहाणे आहात. दोन, ऑर्गन राहणार. तीन, तंबोरा_टू_टेलीकास्टर यांना विचार की साथ करताना गायकाचा श्वास ऐकू येतो, त्यावरून कुठे थांबायचं ते कळतं. स्वतःचा श्वास स्वतःला कसा ऐकू येणार?

तिसरा प्रश्न मला बरा वाटला म्हणून इथे टाकतोय. माझं मूळ मत अजूनही अर्धं शिल्लक आहे. लॉकवूड आणि विल्यम्स ऐकून अर्धं गेलं. पण तुम्ही दिलेली सगळी माणसं ब्लूजच्या घरातच साथ करत होती. जिंगलपासून सगळं वाजवणाऱ्याचं उदाहरण फक्त कार्ल्टन आणि काही प्रमाणात फोर्ड, आणि त्या दोघांवर इथे एकमत नाही.

निळी_शाई

हा मुद्दा रास्त आहे, आणि त्याला उत्तर देणं मला तरी जमत नाही. चेसच्या स्टुडिओत बसलेला माणूस दिवसा जे वाजवायचा तेच रात्री क्लबमध्ये वाजवायचा. लॉस एंजेलिसवाला सकाळी जाहिरात, दुपारी चित्रपट, संध्याकाळी पॉप. त्याच्या बोटांत दहा भाषा, घरी बोलायची कुठली?

तंबोरा_टू_टेलीकास्टर

त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही ऐकू येत, म्हणूनच दुसरी माणसं लागतात. एक ड्रमवाला, एक बेसवाला, एका खोलीत, क्लिक बंद. त्यांना याचा श्वास ऐकू येईल आणि ते थांबतील. आणि सरावाला जॉन ली हूकरच्या एकट्याने केलेल्या १९४८-४९ च्या रेकॉर्ड ऐकाव्यात, नुसता आवाज, गिटार आणि पायाचा ठोका. बारा बार वगैरे काही मोजत नाही तो गडी. वाटलं तेव्हा कॉर्ड बदलतो, बऱ्याचदा बदलतच नाही. त्याच्याबरोबर वाजवणाऱ्या बँडची तारांबळ उडायची. सेशनवाल्याने आठवडाभर त्या रेकॉर्डवर साथ करून बघावी. कागद नाही, मोजमाप नाही, फक्त त्या माणसाकडे कान.

खर्जप्रेमी

हे मी करून बघणार. मित्राने करो न करो.

सहावी_तार

आवाज जेमतेम असेल तर एक अगदी साधी गोष्ट. गाणी कुठल्या पट्टीत आहेत? गिटारवाले सवयीने ई किंवा ए धरतात, कारण मोकळ्या तारा मिळतात, आणि मग गळ्याला झेपत नाही. स्टीव्ही रे वॉन सगळी गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचा. बोटांची जागा तीच राहते, मोकळ्या ताराही मिळतात आणि गळ्याला आराम. अर्ध्याने भागलं नाही तर पूर्ण उतरवा. तारा मात्र जाड लावा, नाहीतर लुळ्या पडतात.

कोरा_कागद (धागाकर्ता)

तीन ई मध्ये, एक ए मध्ये. आत्ताच विचारलं. उतरवून बघतो म्हणाला, आणि तुमच्यापैकी कुणी ड्रम वाजवतं का, असं विचारतोय.

अण्णा_बेसवाले

बेस चालेल का?

तिरकस

ऑर्गनवाला मिळाला असेल तर मी घरीच बरा.